मेन बंद केला का?

गोंदियाजवळ फुलचूरला खोली बघायला गेले तेव्हा सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि खोली देताना लोक जे आडून आडून विचारतातच तेही विचारलं नाही. गेट न उघडता, सळयांमधून नाक बाहेर काढून त्यांनी एवढंच विचारलं, "रॉड आहे का?"

"कसला रॉड?"

"पाणी तापवाचा. बकेटीत सोडतेत तो."

मी म्हटलं, आहे. एकट्या राहणाऱ्या बाईकडे एक रॉड, एक कुकर आणि एक घडीचा पलंग असतोच.

"पलंग आणा, कुकर आणा, नवरा असन तर तोही आणा. रॉड इथं चालत नाई."

मी अमरावतीची. गोंदियातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली होती आणि धर्मशाळेत राहून कंटाळले होते. म्हटलं, रॉड नाही तर नाही. सामान आणलं त्या दिवशी सरांनी रॉड मागून घेतला, पकडीने त्याची वायर मुळातून कापली आणि उरलेलं वेटोळं परसातल्या कारल्याच्या वेलाला आधार म्हणून मातीत खुपसलं. वेल त्यावर चांगला चढला. मी पहिल्या महिन्यात जी कारल्याची भाजी खाल्ली ती माझ्याच रॉडवरची.

सर आयटीआयमधून निवृत्त झाले होते. वायरमनचा ट्रेड शिकवायचे. बुटके, कानांवर केसांचे झुपके, अंगात बाह्यांची बनियन आणि खाली कडक इस्त्रीची पँट. बनियनला त्यांनी काकूंकडून, म्हणजे आपल्या बायकोकडून, एक खिसा शिवून घेतला होता आणि त्यात टेस्टर असायचा. देवळातसुद्धा असायचा. जिल्ह्यात कुठेही खांबावर चढलेला माणूस दिसला की तो सरांचा विद्यार्थी असण्याची दाट शक्यता, आणि सर खालून जाताना दिसले की तो माणूस वरच थांबण्याची त्याहून दाट. कारण खाली उतरला की प्रश्न ठरलेला.

"मेन बंद केला का?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. कुलर धुणाऱ्या शेजारणीला, मिक्सरचं भांडं काढणाऱ्या तिच्या सुनेला, दिवाळीची माळ लावणाऱ्या दुकानदाराला. एकदा आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले, तर सरांनी पत्रिका हातात घेऊन आधी विचारलं, "मंडपाचा मेन कुठी आहे?" गावात त्यांचं नावच मेन-बंद पडलं होतं. मेन-बंदच्या घरी भाड्याने राहते म्हटलं की भाजीवाली मला दोन मिरच्या जास्त टाकायची. मी ते सहानुभूतीचं समजत असे.

त्यांची दुसरी खोड टेस्टरची. ती समजायला मला वेळ लागला. सरांचं म्हणणं असं, की तार मेलेली आहे का हे टेस्टर सांगतो, पण टेस्टरच मेला असेल तर तो प्रत्येक तारेला मेलेलीच म्हणणार. म्हणून आधी टेस्टर जिवंत तारेला लावायचा. पेटला, तर मग ज्या तारेवर काम आहे तिला लावायचा. नाही पेटला, तरी थांबायचं, आणि पुन्हा एकदा जिवंत तारेला लावून पाहायचं, की तो मधल्यामध्ये तर नाही ना मेला. इथपर्यंत ठीक होतं. पण सर हीच रीत माणसांना लावायचे.

आमच्या दवाखान्यात नवे हाडांचे डॉक्टर आले तेव्हा सर उजवा गुडघा दुखत असताना डावा दाखवायला गेले. डॉक्टरांनी डाव्या गुडघ्यासाठी गोळ्या, मलम आणि पट्टा लिहून दिला. सरांनी कागद घडी घालून डॉक्टरांच्याच खिशात ठेवला आणि म्हणाले, "टेस्टर खराब आहे." ते डॉक्टर पुढे कितीतरी दिवस मला विचारायचे, तुमचे घरमालक मला टेस्टर का म्हणाले. घरी एक ज्योतिषी आला, त्याला सरांनी आपल्या वारलेल्या मोठ्या भावाची पत्रिका दाखवली. ज्योतिष्याने भावाला दीर्घायुष्य आणि परदेशगमन सांगितलं. सरांनी त्याला चहा पाजला, भाऊ कुठे गेला ते सांगितलं आणि म्हणाले, परदेश तर आहेच तो.

मलाही तपासलं. राहायला आले त्याच आठवड्यात ते एक जुनी, कडा कुरतडलेली एक्स-रे फिल्म घेऊन वर आले आणि उलटी धरून म्हणाले, "हे का आहे?" मी सुलटी केली. डावं मनगट होतं. कधीतरी मोडलेलं, घाईत बसवलेलं, वाकडं जुळलेलं. मी तसं सांगितलं आणि त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात मनगटाशी बाहेरच्या बाजूला कलला होता.

"कसं झालं?"

"पडलो."

"कुठून?"

"वरून," सर म्हणाले, आणि फिल्म काखेत मारून खाली गेले. जिन्यातून आवाज आला, "पास."

लग्नांमध्ये त्यांना बोलावणं ही जोखीम होती आणि न बोलावणं हे भांडण. एका लग्नात ते मंडपात शिरले ते नवरा-नवरीकडे न जाता सरळ मागे जनरेटरकडे. तिथे अर्थिंगची तार नव्हती. सरांनी जनरेटर बंद केला. वरात नाचत होती ती जागच्या जागी थांबली, नवरदेव घोड्यावर अंधारात. नवऱ्याचा मामा बाह्या सरसावून आला. सर म्हणाले, "मारा. पण पयले तार जमिनीत गाडा, मंग मारा." मामाने गाडली. गाडेपर्यंत त्याचा राग गेला आणि भूकही लागली. सरांनी त्याच मामाच्या शेजारी पंगतीत बसून दोनदा बुंदी मागून घेतली. ऑटोतून परत येताना घराजवळ आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "पुढच्या येळेस माह्या माहेरच्या लग्नाले मी एकटी जाईन."

काकू नवेगाव बांधच्या. तळ्याकाठची माणसं कमी बोलतात असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि मग तासभर बोलायच्या. सरांशी मात्र खरोखर कमी बोलायच्या. त्यांचं म्हणणं, ज्या माणसाले प्रत्येक गोष्ट तीनदा तपासावी लागते त्याले एकदाच सांगावं.

सर गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. मी तेव्हा नोकरी बदलून दुसऱ्या गावी होते. काकूंचा फोन आला. "सकाळी उठवाले गेली तर थंड. घरातलं सारं बंद करून मंग झोपले होते. आपलंही बंद करून घेतलं." आवाज स्थिर होता. मग म्हणाल्या, कारली लागली आहेत, कुणी येणारं असेल तर पाठवते. मी फोन ठेवला आणि मला सरांच्या सगळ्या गोष्टी सोडून त्यांच्या न्हाणीघरातला पंखा आठवला.

तो किस्सा असा.

खालचं बाथरूम घराच्या पोटात होतं. खिडकी नाही. एका भिंतीला परसाची बाजू होती, पण तिथे भोक पाडायला सर तयार नव्हते. बंद खोलीत रोज दोन माणसांच्या अंघोळी, त्यामुळे छताचा चुना पापुद्र्यांनी सुटायचा, कोपऱ्यात काळी बुरशी, आणि दार उघडलं की ओल्या पोत्याचा वास. काकूंना खोकला लागला. आधी हिवाळ्यापुरता, मग बारमाही. डॉक्टरांनी छाती तपासली, मी एक्स-रे काढला. छाती वाईट नव्हती, पण डॉक्टर म्हणाले, ओल आणि बुरशीतून बाहेर निघा, नाहीतर दम्याला निमंत्रण आहे. एक्झॉस्ट फॅन लावून घ्या, साधी गोष्ट आहे.

साधी गोष्ट म्हटल्यावर सर उखडले. "पाणी अन् लाईन एका खोलीत ठेवली का तिसऱ्या माणसानं त्या खोलीत जाऊ नये."

"तुमी जन्मभर पोराईले हेच शिकवलं ना, लाईन कशी लावाची ते?" काकू म्हणाल्या.

"कुठी लावाची नाई तेही शिकवलं."

काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादली, साबणाची डबी आणि खांद्यावर लुगडं घेऊन बाहेरच्या जिन्याने वर माझ्याकडे अंघोळीला आल्या. माझ्या बाथरूमला खिडकी होती. जिना रस्त्याच्या बाजूला होता, म्हणजे काकूंची ही मिरवणूक सगळी गल्ली बघणार. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "काऊन वो, वर काऊन जाऊन राहिल्या?"

"खाली मास्तर राहतेत," काकू म्हणाल्या. "तिथं हवा नाई."

हे रोज चाललं. पहिल्या आठवड्यात सर ओसरीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे. दुसऱ्या आठवड्यात पेपर घेऊन आत बसायला लागले. मग एक दिवस दूधवाल्याने विचारलं, "सर, काकू भाड्यानं राहून राहिल्या का वर?" आणि त्या दिवशी सरांनी खडू घेऊन बाथरूमच्या भिंतीवर एक चौकोन काढला.

चौकोन काढल्यावर तो पुसला. वर काढला. पुसला. छताला टेकवून काढला. पंखा दाराच्या समोरच्या भिंतीत, जितका उंच जाईल तितका उंच, म्हणजे ओला हात पोचणार नाही आणि वर जमलेली वाफ आधी जाईल. स्विच आत नाही, बाहेर. आणि साधा स्विच नाही, एकाच वेळी दोन्ही तारा तोडणारा. उद्या कोणी पंखा पुसायला काढला तर त्याच्यापर्यंत फेजही जाता कामा नये आणि न्यूट्रलही. दाराची खालची पट्टी त्यांनी करवतीने कापली. काकूंनी विचारलं, दार काऊन कापून राहिले. सर म्हणाले, "हवा भाईर काढाची तर आत याले रस्ता नोको का? बंद बाटलीतून चूस पाहू हवा." त्यातल्या त्यात आनंदात होते. फक्त एकच अडचण होती, ती कोणी बोलून दाखवत नव्हतं. सरांचे हात थरथरायला लागले होते. चहाच्या बशीचा आवाज वरपर्यंत यायचा. शिडीवर चढून तार जोडणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

म्हणून मुन्नाला बोलावलं.

मुन्ना म्हणजे पन्नाशीला टेकलेला, भरघोस मिशांचा, गोंदियाच्या बाजारात विजेच्या सामानाचं दुकान असलेला माणूस. सरांनी त्याला प्रात्यक्षिकात दोनदा नापास केलं होतं, दोन्ही वेळा एकाच कारणासाठी: तो वायरचं प्लास्टिक दाताने सोलायचा. "दात जेवाले देले, वायर सोलाले नाई," सरांचं हे वाक्य मुन्ना आजही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचा. अर्थात सरांच्या माघारी. मग सरांनी त्यालाच का बोलावलं, असं मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "बाकीचे फोन उचलत नाईत."

रविवार होता, मला सुट्टी. थंडीचे दिवस. राइस मिलची काळी राख गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींवर बसत होती म्हणून मी चादरी गोळा करून खाली आले, तर मुन्नाने भिंतीला भोक पाडून पंखा बसवलासुद्धा होता. आता उरली होती फक्त जोडणी. पंख्यासाठी तार बाथरूमच्या जुन्या दिव्याच्या लाईनीतून घ्यायची होती. तिथला बल्ब काकूंच्या संपापासून उडालेला होता आणि कोणी बदलला नव्हता. मुन्ना लोखंडी स्टुलावर उभा, अनवाणी, खाली फरशी ओली.

"मेन बंद केला का?" मुन्नाने सरांच्या आधी विचारलं. बहुतेक आयुष्यात एकदा तरी ते वाक्य आपण आधी म्हणावं अशी त्याची इच्छा असावी.

"बंद आहे," सर म्हणाले. ते स्वतः ओसरीत जाऊन बंद करून आले होते आणि फ्यूज काढून बनियनच्या खिशात टाकला होता. "पण तपास."

मुन्नाने आपला टेस्टर तारेला लावला. पेटला नाही. "मर गयी है, सर." त्याने टेस्टर कानाला अडकवला आणि तारेचं टोक दातात धरायला तोंडाजवळ नेलं.

"थांब," सर म्हणाले.

"सर, अब इस उमर में तो मत टोको. दात मेरे हैं."

"टेस्टर तपासला का?"

"कल ही तो दुकान में जल रहा था."

"काल मीबी जवान होतो. उतर खाली."

मुन्नाने माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि अशा चेहऱ्याने उतरला की जणू तिसऱ्यांदा नापास होतो आहे. सर ओसरीत गेले, फ्यूज लावला, मेन चालू केला. मुन्नाने बैठकीतल्या सॉकेटमध्ये टेस्टर खुपसला. पेटला नाही. झटकला, पुन्हा खुपसला, शर्टाला पुसून पुन्हा. नाही पेटला. सरांनी आपला टेस्टर तिथेच लावला. लाल ठिपका लख्ख.

"कल बाल्टी में गिरा था शायद," मुन्ना हळू आवाजात म्हणाला.

मला वाटलं होतं आता भाषण होईल. पण सरांनी पुन्हा मेन बंद केला, फ्यूज खिशात टाकला आणि आपला टेस्टर मुन्नाच्या हातात दिला. मुन्ना स्टुलावर चढला आणि टेस्टर त्याच तारेला लावला.

लाल ठिपका लागला.

मुन्नाने हात असा मागे घेतला की स्टूल डगमगलं. मी ते धरलं. सर खाली उभे राहून वर बघत होते, जसं कोणी मेलेला माणूस उठून बसताना बघावं. त्यांनी बैठकीत जाऊन सॉकेट पुन्हा तपासायला लावलं. सॉकेट मेलेलं. बाथरूमची तार जिवंत. त्यांनी टेस्टर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना टेस्टरवर अविश्वास दाखवताना पाहिलं.

"मेन बंद आहे," ते म्हणाले. "फ्यूज माह्या खिशात आहे."

"आपल्या घरी दोन मेन आहेत ना," काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पोरगा दिवाळीत लावून गेला तो. मागच्या खोलीत."

त्यांचा मुलगा रायपूरला. दिवाळीत आला तेव्हा आईला अंधारात पडायला नको म्हणून त्याने इन्व्हर्टर बसवून घेतला होता, आणि बसवणाऱ्या माणसाने स्वयंपाकघर आणि बाथरूमची लाईन त्यावर टाकली होती. मुलाने सरांना न विचारता हे केलं म्हणून सरांनी त्या यंत्राकडे पाहायचंसुद्धा नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यावर धानाचं रिकामं पोतं टाकलं आणि ते घरात नाहीच असं समजून राहत होते. लाईन गेली की स्वयंपाकघरात दिवा असायचा, आणि सर बैठकीत मेणबत्ती लावून बसायचे. म्हणजे सरांनी मेन बंद केला की इन्व्हर्टर गुपचूप जागा व्हायचा आणि बाथरूमची तार जिवंत ठेवायचा. थंडीचे दिवस, पंखे बंद, बल्ब उडालेला. कळायला काही मार्गच नव्हता.

मुन्ना स्टुलावरून उतरून उंबऱ्यावर बसला होता. मिशांवरून हात फिरवत होता, आणि हात ओठांवरच थांबत होता. काकूंनी त्याला पाणी दिलं. "छोटी की बारावी है इस साल," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

सर उलट्या बादलीवर बसले. "मी बंद आहे म्हणलो होतो," ते म्हणाले.

"आप ही ने तो रोका, सर."

"रोकलं, ते तुह्या टेस्टरसाठी. बंद आहे म्हणलो होतो मी."

हे त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. मला त्यांच्यासाठी काहीतरी बोलावंसं वाटलं, पण एक्स-रेवाल्यांना बोलायची सवय नसते, आम्ही फक्त श्वास रोखा म्हणतो.

काकूंनीच शेवटी पदर खोचला. मागच्या खोलीत जाऊन पोतं ओढून काढलं, इन्व्हर्टर बंद केला. मग सर उठले, मुन्नाकडून त्यातून घरात जाणारी तारही सोडवून घेतली. सरांचा टेस्टर वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत पेटवून पाहिला, कारण माझं मीटर वेगळं. मग बाथरूमच्या तारेला. काहीच नाही. मग पुन्हा वर. पेटला.

आता प्रश्न राखणीचा होता. मेन ओसरीत, इन्व्हर्टर मागच्या खोलीत, आणि काम चालू असताना दोन्हीपाशी माणूस पाहिजे, हा सरांचा नियम. "मेनपाशी मी बसतो. मागं एक्सरे बसन," सर म्हणाले. मला ते एक्सरेच म्हणत.

"मी बसतो मागं," काकू म्हणाल्या. त्या भागात बायाही बोलताना असं म्हणतात.

"तू नाई."

"काऊन?"

"नाई म्हणलं ना."

काकू माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुले मालूम आहे का, यायचा हात कायनं मोडला?"

"सांगाची गरज नाई," सर म्हणाले.

"आहे. लग्न होऊन नवीनच आली होती. यायनं मेन बंद केला अन् अंगणातला दिवा जोडाले शिडीवर चढले. घरात अंधार. सासू म्हणे, अगं ते खटकं वर कर, दिसून नाई राहिलं. मी केलं. हे वरून आले ते शेजारच्याच्या शेणाच्या ढिगात. म्हणून जिवंत आहेत. हात तेवढा ढिगाच्या भाईर पडला."

मुन्ना हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"यायनं कोणालेच सांगितलं नाई," काकू म्हणाल्या. "आयटीआयमध्ये जाऊन सांगितलं, मीच मेन बंद कराले इसरलो. शिकवणारा मास्तर, अन् तोच इसरला. तेव्हापासून सारे मास्तर, सारे पोरं यायले पाहून म्हणत, मेन बंद केला का सर? रिटायर होईपर्यंत म्हणत. त्या खटक्यानंच पडलो, हे यायनं माह्या सासूलेबी सांगितलं नाई, मलेबी कधी बोलले नाई."

मला तेव्हा समजलं की तो प्रश्न सरांचा नव्हताच. लोकांनी त्यांच्यावर फेकलेला होता. त्यांनी तो उचलला, झाडला आणि आयुष्यभर लोकांनाच परत विचारत राहिले.

सर भिंतीकडे बघत होते. "तुले का मालूम होतं तेव्हा," ते म्हणाले. "खटक्यावर लिहून थोडीच होतं."

"मंग बसू का मागं?"

सरांनी बनियनच्या खिशातून फ्यूज काढला, पाहिला, पुन्हा ठेवला. "बस," ते म्हणाले. "हात लावू नोको. कोणी आलं तरी उठू नोको. तुह्या माहेरचं कोणी आलं तरी."

काकू मागच्या खोलीत पाटावर मांडी घालून बसल्या, इन्व्हर्टरकडे तोंड करून, जशा सत्यनारायणाला बसाव्यात. मुन्नाने वायर सोलायला पिशवीतून पकड काढली. अर्थिंगची हिरवी तारही जोडली, न सांगता. जोड घट्ट आहेत का ते सरांनी खालून त्याला प्रत्येक तार ओढून दाखवायला लावलं. मग पंख्याची जाळी बसली, दाराबाहेर स्विच बसला, मुन्नाने इन्व्हर्टरची सोडवलेली तार पुन्हा जोडली, आणि सगळं जागेवर आल्यावर सरांनी हाक मारून काकूंना उठवलं आणि ओसरीत जाऊन मेन चालू केला.

पंखा फिरला. काकूंनी देवघरातून उदबत्ती पेटवून आणली आणि जाळीसमोर धरली. धूर आधी सरळ वर गेला, मग वाकला, आणि एका रेषेत भिंतीतून बाहेर, परसात, कारल्याच्या वेलाकडे निघून गेला. मुन्ना म्हणाला, "सर, पास?" सर म्हणाले, "आवाज करते." मुन्नाने चहा घेतला नाही, वाकून सरांच्या पाया पडला आणि स्कूटरवर बसून गेला. आपला टेस्टर तो तिथेच विसरून गेला होता. सरांनी तो कचऱ्यात टाकला, मग उचलून त्याचे दोन तुकडे केले आणि पुन्हा टाकला.

संध्याकाळी काकू कित्येक आठवड्यांनी खाली अंघोळीला गेल्या. मी त्यांची बादली परत द्यायला आले होते. सर बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, नव्या स्विचच्या बरोबर खाली. पंख्याची घरघर येत होती, पाण्याचा आवाज येत होता. मग पाण्याचा आवाज थांबला. नुसती घरघर. सरांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"काय वो," त्यांनी दाराला हाक मारली.

त्यांनी कान दाराकडे केला.

"काय वो. आहेस का?"

घरघर चालूच. सर उभे राहिले. हात स्विचवर गेला.

"मेली मी," आतून काकूंचा आवाज आला, खोकल्याशिवाय. "जेवून घ्या तुमी."

सर उभेच राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला, खुर्चीत टेकले आणि दाराशी तोंड नेऊन विचारलं, "भाजी कायची केली आहे?"